राजा दीनदयाळ : इंदूरच्या कचेरीतून निजामाच्या दरबारापर्यंत



माझा जन्म इंदूरचा. बँकेच्या नोकरीत गावोगावी बदल्या होत शेवटी सिकंदराबादला आलो आणि निवृत्तीनंतर इथलाच झालो. इंदूर ते हैदराबाद असा प्रवास केलेली मराठी घरं आपल्या मंडळात बरीच आहेत. पण हाच रस्ता सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी एका सरकारी नोकराने धरला आणि तो देशातला सर्वांत नावाजलेला छायाचित्रकार झाला, हे मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यांचं नाव लाला दीनदयाळ, पुढे राजा दीनदयाळ. ते मराठी नव्हते. पण होळकरांच्या इंदुरात त्यांनी कॅमेरा हाती घेतला, मराठवाड्यातल्या लेण्यांची आणि दुष्काळाची छायाचित्रं काढली आणि मुंबईत मोठा स्टुडिओ थाटला. म्हणून त्यांची गोष्ट आपल्या घरातलीच म्हटली पाहिजे.

या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे. इंदूरचं जुनं घर आवरताना पणजोबा-पणजीचा एक फोटो सापडला होता. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तपकिरी झाक आलेला. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला सोनेरी अक्षरांत स्टुडिओचं नाव आणि गाव छापलेलं होतं. मी तो फ्रेम करायला नेला. पुठ्ठा फ्रेमपेक्षा मोठा होता. दुकानदाराने कडा कापू का म्हणून विचारलं आणि मी खुशाल हो म्हटलं. भिंतीवर फोटो छान दिसला. पुढे कित्येक वर्षांनी नातीने शाळेच्या प्रकल्पासाठी विचारलं की हा फोटो कुणी काढला, कधी काढला, कुठे काढला. मला सांगता येईना. उत्तर त्या कापलेल्या पट्टीवर होतं आणि ती पट्टी दुकानाच्या कचऱ्यात गेली होती. जुने फोटो म्हणजे काय, ते कसे काढत, लोक ते का जमवतात, हे वाचायला मी तेव्हा सुरुवात केली आणि दीनदयाळांपाशी येऊन थांबलो.

सरधना, रुडकी, इंदूर

दीनदयाळांचा जन्म १८४४ सालचा, मेरठजवळच्या सरधना गावातला. बेगम समरूची जहागीर म्हणून हे गाव इतिहासात माहीत आहे. घराणं जैन, व्यवसाय जवाहिराचा. योगायोग असा की याच १८४४ साली इंदुरात दुसरे तुकोजीराव होळकर लहान वयात गादीवर आले. पुढे या दोघांची गाठ पडायची होती.

दीनदयाळ घरच्या धंद्यात न शिरता रुडकीच्या थॉमसन कॉलेजात गेले. आजची रुडकीची आयआयटी ती हीच. रस्ते, कालवे, इमारती बांधण्यासाठी सरकारला माणसं हवी होती आणि ती तिथे तयार होत. मोजमाप घेणं, आराखडे काढणं, खर्चाचा अंदाज मांडणं हे तिथलं शिक्षण. ते पुरं करून १८६६ साली ते इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत रुजू झाले. काम मुख्य अंदाजपत्रककार आणि ड्राफ्ट्समनचं. महिन्याच्या महिन्याला पगार, ठरलेली बढती, घरच्यांना निश्चिंती. आपल्यातल्या पुष्कळांना ही चौकट चांगली ओळखीची आहे.

तेव्हाचं इंदूर हे केवळ होळकरांचं राजधानीचं गाव नव्हतं. मध्य भारतातल्या सगळ्या संस्थानांवर देखरेख ठेवणारा इंग्रजांचा एजंट इंदूरच्या रेसिडेन्सीत बसत असे. त्यामुळे राजेरजवाडे, इंग्रज अधिकारी, लष्करी पाहुणे यांची ये-जा चालू असायची. तुकोजीराव व्यवहाराला पक्के होते. इंदूरला रेल्वे यावी म्हणून त्यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ दिले होते. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला अशा कर्जखात्याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

छायाचित्रण भारतात कसं आलं

दीनदयाळांच्या हाती कॅमेरा आला १८७४ च्या सुमारास. तोवर ही कला काही अगदी नवी राहिली नव्हती. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांची पद्धत जाहीर झाली. तिच्यात चांदीच्या मुलाम्याच्या तांब्याच्या पत्र्यावर एकच चित्र उमटे आणि त्याची दुसरी प्रत निघत नसे. १८५१ साली आर्चर या इंग्रज गृहस्थाने काचेवर निगेटिव्ह घेण्याची पद्धत शोधली आणि चित्र बदललं. काच एक, प्रती हव्या तितक्या. छायाचित्राचा धंदा खऱ्या अर्थाने सुरू झाला तो इथून.

मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. नारायण दाजींनी काढलेली छायाचित्रं त्या काळी प्रदर्शनांत मांडली गेली. म्हणजे या कलेच्या अगदी पहिल्या पिढीत आपली माणसं होती. १८६३ मध्ये सॅम्युअल बोर्न हे इंग्रज छायाचित्रकार भारतात आले आणि त्यांनी हिमालयापर्यंत कॅमेरे नेऊन निसर्गचित्रांचा एक नमुनाच घालून दिला. पुढे कुणीही भारतातलं देऊळ, किल्ला किंवा डोंगर टिपला की त्याची तुलना बोर्नच्या कामाशी होऊ लागली.

दीनदयाळ शिकले ती ओल्या प्लेटची पद्धत. ती किती जिकिरीची होती हे समजल्याशिवाय त्यांच्या कामाचं मोल कळायचं नाही. स्वच्छ काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रव्य सारखं पसरायचं. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचं आणि वाळायच्या आत पुन्हा अंधारात नेऊन धुवायची. हे सारं काही मिनिटांत उरकावं लागे. माळव्यातल्या उन्हाळ्यात द्रव्य आणखी लवकर वाळे. गावाबाहेर जायचं तर कॅमेरा, तिकाटणं, काचा, बाटल्या, पाणी आणि काळोखी राहुटी असा सगळा संसार बैलगाडीत घालून न्यावा लागे.

प्रिंट काढण्याचीही तऱ्हा होती. कागदाला अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर देत, त्यावर चांदीचं द्रावण चढवत, मग निगेटिव्हची काच त्यावर दाबून चौकट उन्हात ठेवत. ऊन काम करी. नंतर सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून रंग पक्का करत. काच जेवढी, प्रिंट तेवढंच. मोठं चित्र हवं तर कॅमेराही तेवढा मोठा आणि काचही तेवढी जड. हा कागद पातळ असल्याने गुंडाळला जाई, म्हणून तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवत. माझ्या पणजोबांच्या फोटोला पुठ्ठा का होता, हे मला इथे समजलं.

छंदाचा व्यवसाय

दीनदयाळांना सुरुवातीला दोन आधार मिळाले. एक खुद्द तुकोजीरावांचा आणि दुसरा एजंट सर हेन्री डेली यांचा. इंदूरचं डेली कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच हे डेली. त्यांच्या ओळखीने दीनदयाळांना मोठमोठ्या पाहुण्यांची छायाचित्रं काढण्याची संधी मिळू लागली. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचे युवराज भारताच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्यांची छायाचित्रं घेण्याचा मान या हौशी ड्राफ्ट्समनला मिळाला. कचेरीतली नोकरी चालूच होती.

डेली गेल्यावर त्यांच्या जागी सर लेपेल ग्रिफिन आले. त्यांना मध्य भारतातल्या प्राचीन वास्तूंवर पुस्तक करायचं होतं. १८८२ च्या सुमारास दीनदयाळ त्यांच्याबरोबर बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर गेले. ग्वाल्हेरचा किल्ला, ओरछा आणि दतियाचे वाडे, खजुराहोची देवळं, सांचीचा स्तूप अशी ही कामगिरी होती. त्यातून १८८६ साली लंडनमध्ये ग्रिफिन यांचं मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंवरचं मोठं पुस्तक निघालं. मजकूर ग्रिफिन यांचा, चित्रं दीनदयाळांची. आज ते पुस्तक मजकुरासाठी क्वचितच कुणी उघडत असेल, चित्रांसाठी मात्र संग्रहालयं ते जपतात.

ही चित्रं बघताना रुडकीचं शिक्षण जाणवतं. भिंतीच्या रेषा सरळ, कोन नेमका, इमारत डावी-उजवीकडे झुकलेली नाही. पायरीवर किंवा कमानीखाली एखादा माणूस उभा केलेला असतो. तो शोभेसाठी आहे असं प्रथम वाटतं, पण त्याच्यावरून इमारतीच्या उंचीचा अंदाज येतो. ज्याने वर्षानुवर्षं आराखड्यांवर मापं घातली, त्याला माप सांगितल्याशिवाय राहवत नसावं.

याच काळात तंत्रही बदलत होतं. १८७१ साली मॅडॉक्स या डॉक्टरांनी जिलेटिनच्या कोरड्या प्लेटचा शोध लावला आणि १८८० नंतर तयार प्लेटा विकत मिळू लागल्या. आता काच आधी ओली करायला नको, लगेच धुवायला नको. चित्र आज घ्यावं, काच घरी येऊन सवडीने धुवावी. प्लेट इतकी संवेदनशील झाली की घोडदौड करणारं पथकही टिपता येऊ लागलं. दीनदयाळांनी नवी पद्धत उचलली आणि १८८६ च्या सुरुवातीला दिल्लीजवळच्या मोठ्या लष्करी कवायतींची त्यांनी काढलेली छायाचित्रं अधिकाऱ्यांमध्ये वाखाणली गेली. व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या काळात त्यांची व्हाइसरॉयचे छायाचित्रकार म्हणून नेमणूकही झाली.

पक्की नोकरी सोडली

१८८५ मध्ये दीनदयाळांनी दोन वर्षांची रजा मागून घेतली. देशातल्या वास्तूंची आणि देखाव्यांची सुरू केलेली चित्रमालिका पुरी करायची होती. रजा संपली आणि त्यांनी नोकरीच सोडली.

वय चाळिशी ओलांडलेलं, पदरी संसार, पाठीशी जवळजवळ वीस वर्षांची सरकारी सेवा. मी स्वतः छत्तीस वर्षं एकाच बँकेत काढली. मधल्या काळात एक-दोनदा दुसरं काही करावं असं मनात आलं, पण प्रॉव्हिडंट फंडाचा आकडा मांडून पाहिला की विचार तिथेच थांबे. म्हणून या माणसाच्या त्या एका अर्जाचं मला फार अप्रूप वाटतं. मात्र त्यांनी उडी डोळे मिटून मारली नव्हती. आधी रजा घेऊन अंदाज घेतला, गिऱ्हाईक आहे का ते पाहिलं, मग राजीनामा दिला. अंदाजपत्रककार होते ते.

हैदराबाद आणि सिकंदराबाद

तेव्हा हैदराबादेत सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १८८४ मध्ये पूर्ण अधिकार हाती घेतले होते. वय अठराच्या आसपास, संस्थान देशात सर्वांत मोठं आणि श्रीमंत. शेजारी सिकंदराबादला इंग्रजांची मोठी लष्करी छावणी. एका बाजूला दरबार आणि उमराव, दुसऱ्या बाजूला पलटणींचे अधिकारी आणि त्यांची कुटुंबं. छायाचित्रकाराला यापेक्षा चांगली जागा कुठली? १८८६ च्या सुमारास दीनदयाळांनी सिकंदराबादला स्टुडिओ उघडला आणि पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले.

निजामाची त्यांच्यावर मर्जी बसली. त्याने त्यांना राजा हा किताब दिला, शिवाय मुसव्विर जंग ही पदवीही दिली. मुसव्विर म्हणजे चित्रकार. तलवार गाजवणाऱ्याला शोभणारा किताब कॅमेरा चालवणाऱ्याला मिळाला. निजाम स्वतः उर्दूत कविता करत असे आणि दीनदयाळांच्या कसबाची तारीफ करणारा त्याचा एक शेर हैदराबादच्या जुन्या मंडळींना आजही तोंडपाठ असतो.

इथल्या कामाचा पसारा मोठा होता. चौमहल्ला, फलकनुमा, बशीरबाग असे वाडे, त्यांच्या आतली झुंबरं आणि मेजं, चारमिनारचा परिसर, मिरवणुका, शिकारी, मेजवान्या, नव्या इमारती, फौजा. बशीरबागचा वाडा आज उभा नाही. तो कसा होता हे पाहायचं तर दीनदयाळांच्या चित्रांकडेच जावं लागतं.

१८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत आणखी एक धाडस केलं. पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आत पुरुषाला मज्जाव, कॅमेऱ्यामागेही बाईच. श्रीमती केनी-लेविक या इंग्रज बाई तो चालवत. ज्या घरांत परपुरुषासमोर येण्याची चाल नव्हती, तिथल्या बायकांना आपला चेहरा कागदावर पाहता आला तो यामुळे. आपल्या घरांतल्या त्या काळच्या फोटोंत पुरुष अनेक आणि बायका एखाद-दुसरीच का असते, याचा विचार केला की या स्टुडिओचं महत्त्व कळतं.

मराठवाड्यातली चित्रं

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्ला दीनदयाळांच्या कॅमेऱ्यात आले. निजामाच्या मुलखातल्या अशा स्थळांचे १८९२ सालचे अल्बम आजही आहेत. कैलास लेण्याची ती चित्रं पाहिली, की लेणं तेच आणि भोवतीचा माळ मात्र वेगळा, असं वाटतं.

या अल्बमांच्या जोडीला आणखी एक काम आहे आणि ते बघताना मन जड होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात दख्खनमध्ये लागोपाठ दुष्काळ पडले. निजाम सरकारने मदतीची कामं काढली आणि त्यांची छायाचित्रं काढण्याचं काम दीनदयाळांच्या स्टुडिओकडे आलं. औरंगाबादकडच्या त्या चित्रांत हाडं वर आलेली माणसं रांगेने उभी आहेत. चित्रं सरकारच्या चांगल्या कामाची नोंद म्हणून काढली होती. दरबाराच्या पैशाने काढलेली चित्रं दरबाराला शोभेल अशीच असणार, हे मान्य करायला हवं. पण काच काही निवडून बघत नाही. समोर जे शरीर उभं होतं ते तिने उमटवलं. मदतीची नोंद ठेवायला काढलेलं चित्र आज आपल्याला भुकेची नोंद म्हणून दिसतं. त्या माणसांतल्या एकाचंही नाव कुठे लिहिलेलं नाही. त्याच अल्बमांत उमरावांची नावं मात्र किताबांसकट आहेत.

भरभराट आणि शेवट

१८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात दीनदयाळांच्या कामाला पारितोषिक मिळालं. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईत मोठा स्टुडिओ उघडला. मुंबईत देशी-विदेशी छायाचित्रकारांची चुरस तेव्हा जोरात होती, तरी तिथे त्यांनी पाय रोवले. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीचे छायाचित्रकार म्हणून त्यांना सनद मिळाली. मुलगे ज्ञानचंद आणि धरमचंद धंद्यात आले आणि फलकावर लाला दीनदयाळ अँड सन्स अशी अक्षरं लागली.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झन हैदराबाद संस्थानात शिकारीला आले. मेलेल्या वाघामागे उभे राहिलेले कर्झन पती-पत्नी हे चित्र तुम्ही कुठल्या ना कुठल्या पुस्तकात पाहिलं असेल. ते दीनदयाळांच्या स्टुडिओचं म्हणूनच ओळखलं जातं. १९०३ च्या दिल्ली दरबारातही त्यांचे कॅमेरे होते. हत्ती, हौदे, शामियाने आणि राजांच्या रांगा.

पण दरबारी पदरावर उभा राहिलेला धंदा हा एका माणसाच्या मर्जीवर आणि एका घराच्या मनुष्यबळावर चालतो. १९०४ मध्ये मुलगा धरमचंद वारला. पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये दीनदयाळांनीही डोळे मिटले. वय एकसष्ट. सहा वर्षांनी, १९११ मध्ये निजाम महबूब अली खानही गेले. ज्ञानचंदांनी सिकंदराबादची पेढी सांभाळली, पण आधीचं वैभव परत आलं नाही. तोवर कोडॅकच्या छोट्या कॅमेऱ्यांनी हौशी लोकांच्या हाती छायाचित्रण दिलं होतं. साहेब स्वतःच आपल्या कुटुंबाचे फोटो काढू लागला होता.

रद्दीतून संग्रहात

ही चित्रं पुढे कुठे गेली? जी राजेरजवाड्यांकडे होती ती संस्थानं विलीन झाल्यावर पेट्यांत पडून राहिली. जी इंग्रज अधिकाऱ्यांनी नेली ती त्यांच्या माघारी वारसांच्या माळ्यावर गेली. जुना फोटो म्हणजे आठवण, ज्याची आठवण त्यालाच किंमत, असाच समज होता. आपल्याकडेही जुन्या बाजारात अल्बम किलोवर गेले आहेत.

छायाचित्र ही जमवण्यासारखी कलावस्तू आहे हे जगाने उशिरा मान्य केलं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये छायाचित्रांचा स्वतंत्र विभाग १९४० मध्ये निघाला. मोठ्या लिलावघरांत जुन्या छायाचित्रांचे नियमित लिलाव सुरू झाले ते १९७० नंतर. मग संग्राहकांची नजर भारताकडे वळली. १९८० मध्ये क्लार्क वॉर्सविक यांनी दीनदयाळांच्या संस्थानी भारताच्या चित्रांचं पुस्तक केलं आणि विस्मरणात गेलेलं नाव पुन्हा वर आलं. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने दीनदयाळांच्या कुटुंबाकडून २,८५७ काचेच्या निगेटिव्ह विकत घेतल्या. पुण्यात जन्मलेले नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी यांनी आयुष्यभर जमवलेल्या जुन्या छायाचित्रांच्या मोठ्या संग्रहातही दीनदयाळांचं काम आहे. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत त्यांचे अल्बम आहेत. २००६ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

काचेच्या या निगेटिव्ह ऐंशी-नव्वद वर्षं एका घरात टिकल्या, याचं मला नवल वाटतं. त्या जड असतात, जागा अडवतात, हातातून पडल्या की संपल्या. जुनी काच धुऊन दुसऱ्या कामाला वापरण्याची पद्धत सर्रास होती. घरातल्या कुणाला तरी, बहुधा बायकांना, त्या पिढ्यान्पिढ्या पुसत आणि हलवत राहाव्या लागल्या असतील.

या साऱ्या वाचनात एक बारीक गोष्ट माझ्या मनात राहिली. दीनदयाळांच्या बऱ्याच चित्रांच्या खालच्या कडेला, निगेटिव्हवरच, क्रमांक, स्थळाचं नाव आणि त्यांचं नाव लिहिलेलं आढळतं. तेव्हा त्याचा उपयोग धंद्याचा होता. गिऱ्हाईकाने क्रमांक कळवला की तीच काच काढून नवी प्रत देता येई. बँकेत खातेक्रमांक असतो तसाच. आज त्याच क्रमांकांमुळे अभ्यासकांना कुठलं चित्र आधीचं, कुठलं नंतरचं, कोण कुठे होतं हे जुळवता येतं. संग्राहकही प्रथम हेच पाहतो. प्रिंट त्या काळातलं आहे की नंतर काढलेलं, मूळ पुठ्ठा शाबूत आहे का, स्टुडिओचा ठसा आहे का, मागे कुणी काही लिहिलं आहे का. चित्र किती सुंदर हा प्रश्न त्यानंतर येतो. कापलेल्या, नावनिशी नसलेल्या फोटोला बाजारात भाव नाही. भावाचं सोडा, घरातल्या नातीलाही त्याच्याकडून काही कळत नाही.

माझ्या पणजोबांचा फोटो दीनदयाळांच्या स्टुडिओतला होता असं माझं म्हणणं नाही. इंदुरात दुसरेही छायाचित्रकार होते. पण तो कुणाचा होता हे आता कधीच कळणार नाही आणि ते माझ्या हातून झालं.

म्हणून सभासदांना एवढीच विनंती. आपल्या कपाटात जुने फोटो असतील तर पुठ्ठ्याची कड कापू नका, लॅमिनेशन करू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. भिंतीवर लावायचा तर त्याची प्रत काढून लावा आणि मूळ फोटो कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. आणि घरात ऐंशी-पंच्याऐंशीचं कुणी असेल तर या दिवाळीत अल्बम घेऊन त्यांच्याजवळ बसा. कोण कुठे उभं आहे ते विचारून फोटोच्या मागे हलक्या हाताने पेन्सिलीने लिहून ठेवा.

आमच्या घरी हे काम गेल्या महिन्यात सुरू केलं आहे. मोठ्या आत्याला त्र्याण्णवावं लागलं आहे. कालपर्यंत एकेचाळीस चेहऱ्यांची नावं मिळाली. सात जण तिलाही आठवले नाहीत.